एकशेदहाच्या आत

आकडा एकशेचारवर गेला, तेव्हा काका विनोद सांगत होते.

"...तो खालून ओरडतो, 'विटा कुठे उतरवताय?' मी वरून म्हटलं, 'तुझं डोकं कुठे आहे ते सांग, तेवढी जागा सोडतो.'" ट्रेडमिलवर चालता चालता ते स्वतःच खो खो हसले.

भिंतीजवळच्या बाकावर पाण्याची बाटली मांडीत धरून बसलेल्या काकू हसल्या नाहीत. "अहो, गप्प चाला. आज तरी."

ट्रेनरही हसला नाही. तो ट्रेडमिलच्या कठड्याला चिकटून उभा होता. नजर पडद्यावर. एकशेपाच.

काका टॉवर क्रेन चालवायचे. चार महिन्यांपूर्वी त्यांची बायपास झाली. मग तीन महिने हॉस्पिटलच्या पुनर्वसन विभागात गेले आणि तिथून चिठ्ठी घेऊन ते या जिममध्ये आले. चिठ्ठीत अट एकच: ठरलेल्या वेगानं सलग सहा मिनिटं चालायचं, नाडीचे ठोके एकशेदहाच्या आत. जमलं की कामावर परत. पण तीन आठवडे जमत नव्हतं. चौथ्या मिनिटाच्या आसपास आकडा एकशेदहा ओलांडायचा आणि ट्रेनर मशीन बंद करायचा. चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरीणबाई काल फोनवर म्हणाल्या होत्या, "त्यांना जी गोळी चालू आहे, तिच्यावर ठोके इतके चढायलाच नकोत. उद्याही चढले तर दाखल करून घेते. आतून पुन्हा बघावं लागेल." अकरा वाजता त्यांना आकडा कळवायचा होता. कंपनीनं क्रेन महिनाअखेरपर्यंतच काकांसाठी ठेवली होती, आणि महिना संपायला सहा दिवस होते.

ट्रेनरनं आजही सगळं नेहमीच्या क्रमानं केलं होतं. सकाळच्या बॅचबरोबर स्वतः पळून तो तसाच, घामाचा शर्टही न बदलता आला. मशीन सुरू केलं. काकांचा छातीचा पट्टा ओला करून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो शर्टाखाली बांधेपर्यंत पडद्यावर आकडा आलाही होता: ब्याण्णव. सुरुवातच ब्याण्णव. ट्रेनर तेव्हाच कठड्याला येऊन चिकटला होता.

गेल्या वर्षी याच ट्रेडमिलवर एक गृहस्थ त्याच्या डोळ्यांदेखत कोसळले होते. वाचले ते. पण तेव्हापासून या मशीनजवळ कुणाला नुसती धाप लागली तरी ट्रेनरचे हातपाय गार पडत.

एकशेआठ.

"काका, बोलता येतंय ना?" त्यानं विचारलं. दर मिनिटाला तो हे विचारायचा. या धंद्यातली ही सगळ्यात जुनी कसोटी. बोलता येतंय तोवर ठीक, शब्द तुटायला लागले की थांबायचं.

"बोलता येतंय का म्हणजे? मास्तर, मला गप्प करायचं औषध निघालं असतं, तर हिनं कधीच आणलं असतं."

एकशेतेरा. ट्रेनरनं कठडा घट्ट धरला. घड्याळात तीन मिनिटं पन्नास सेकंद. एकशेसतरा.

"काका, थांबवतोय."

"अजून दोन मिनिटं, मास्तर. मला काहीही होत नाहीये."

"आकडा बघा."

"आकडा तुम्ही बघा. मी वाऱ्यात वीस वर्षं वर बसलोय. माझं मला कळतं."

एकशेबावीस. ट्रेनरनं लाल बटण दाबलं.

मशीन थांबलं. त्यानं काकांचं मनगट धरून ठोके मोजले. अठ्ठ्याऐंशी. दर वेळी असंच व्हायचं. थांबल्यावर उतरतातच, त्यानं दर वेळेसारखंच स्वतःला समजावलं.

काकांनी शर्टात हात घालून पट्टा सोडवला आणि तो हातात लोंबकळत ठेवून ते हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या मशीनपाशी गेले. पाठमोरे उभे राहिले. काकू बाटली उघडत होत्या, बंद करत होत्या. "परत तेच सगळं," त्या पुटपुटल्या. "परत ती खाट."

अकराला तीन मिनिटं कमी होती. ट्रेनरनं मोबाइल काढला. 'आजही चढले. एकशेबावीसला थांबवलं.' तो पाठवणार, तेवढ्यात काकू म्हणाल्या, "सर, हे बंद नाही का झालं?"

त्यानं मान वर केली. पडद्यावर एकशेसव्वीस होते.

"ते तर तिकडे पाणी पितायत," काकू म्हणाल्या. "मग हे काय मोजतंय?"

एकशेएकोणतीस.

ट्रेनरचा हात आपोआप स्वतःच्या छातीवर गेला. ओलसर शर्टाखाली सकाळच्या बॅचला बांधलेला त्याचा पट्टा तसाच होता. रोज असायचा. मशीन सुरू होताना सगळ्यात जवळ सापडेल तो पट्टा पडदा धरतो आणि मग सोडत नाही. नव्या ट्रेनरांना तो हे पहिल्याच दिवशी शिकवायचा. आणि काकांचं मशीन रोज सुरू कोण करायचं?

तीन आठवडे.

काका ग्लास घेऊन परत आले. त्यांनी पडदा पाहिला. आपल्या हातातला पट्टा पाहिला. मग छातीवर हात धरून उभ्या असलेल्या ट्रेनरला नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं. एकशेतेहतीस.

त्यांनी ग्लास त्याच्यापुढे धरला. दुसरा हात त्याच्या पाठीवर ठेवला.

"मास्तर," त्यांनी हळूच विचारलं, "बोलता येतंय ना?"

ट्रेनरला बोलता येत नव्हतं.