वळसा

गोदामातल्या माल वाहणाऱ्या गाड्यांना ना चालक, ना वरून हुकूम. समोरचा कसा वागतो ते बघून प्रत्येक गाडी आपापली वाट शिकायची. साहेब मात्र आडव्या येणाऱ्या गाडीला सणसणीत लाथ घालायचे. हळूहळू एकेक गाडी त्यांना बघताच लांबून वळसा घालू लागली.

"बघा, डबडीसुद्धा शिकली!" साहेब आमच्यावर खेकसायचे. "तुम्हा गाढवांना कधी अक्कल येणार? शिका जरा त्यांच्याकडून!"

आज भर दुपारी साहेब मधल्या वाटेत छाती धरून कोसळले. "अरे, कुणीतरी या रे..." म्हणत त्यांनी हात वर केला. गाड्या लांबूनच वळसा घालून निघून गेल्या.

त्यांच्या मागोमाग आम्हीही. साहेबांचा शब्द कधी मोडलाय आम्ही?