हरवलेले ‘ळ’

“ताई, तीनशे शब्द कमी भरतायत. तुमची डिस्क खराब तर नाही ना झाली?” हेमांगीने विचारलं.

निर्मलाताईंना दुखणं ऐकताक्षणीच कळलं. बोलीकोशासाठी बारा वर्षं गावोगाव फिरून त्यांनी माणसांच्या तोंडचे शब्द रेकॉर्ड केले होते. फायलींची नावं रोमन लिपीत होती. ‘ल’साठी स्मॉल एल, ‘ळ’साठी कॅपिटल. त्यांच्या लिनक्सवाल्या संगणकावर ‘काल’ आणि ‘काळ’ सुखाने वेगळे नांदत. हेमांगीच्या मॅकला मात्र दोन्ही एल सारखेच. कॉपी होताना एका फाईलने दुसरीला गिळलं होतं.

पण या कोशाचं संपादकपद विभागप्रमुख सरांनी सहा महिन्यांपूर्वी आलेल्या या पोरीला दिलं होतं. तेव्हापासून ताईंचा नुसता जळफळाट चालला होता. “असेल बाई खराब,” म्हणत त्या चहाला निघून गेल्या.

दोन दिवस हेमांगी जेवायलाही उठली नाही. तिची ती तडफड ताईंनी डोळे भरून पाहिली. तिसऱ्या दिवशी ती सरांपुढे उभी राहिली.

“चूक माझीच आहे, सर. डिस्क माझ्याच हातून बिघडली असणार. ताईंना काही बोलू नका. मी गावोगाव जाऊन ते शब्द पुन्हा आणते.”

ताईंना बसवेना. त्यांनी मॅकवर स्मॉल-कॅपिटल वेगळं ओळखणारा नवा कप्पा केला आणि डिस्क त्यात पुन्हा कॉपी केली. सगळे शब्द आले.

हेमांगीने त्यांना मिठीच मारली. “सर, मी दोन दिवस डोकं फोडत बसले. आणि ताईंना एका मिनिटात कळलं!”

ताईंना मान वर करवेना.