सेनापतीचे डोळे

“बाबा, या सेनापतीचे डोळे कोणी रंगवले, सांगा ना!” बाबा लोकांसमोर तिचं नाव घेणार नाहीत अशी मैत्रिणींनी पैज लावली, म्हणून तिने टेबलावरच्या युद्धखेळांच्या प्रदर्शनात, रंगकामाच्या परीक्षकांसमोरच विचारलं. टेबलावर बाबांच्या बोटभर उंचीच्या, खेळण्यातल्या शिपायांची लढाई जुंपली होती. एकेक शिपाई तिने श्वास रोखून, तीन केसांच्या ब्रशने रंगवला होता. “आमच्या चिरंजीवांनी,” बाबा बिनदिक्कत म्हणाले. “वाटलंच! पोरींना कुठली एवढी चिकाटी?” परीक्षक हसले. ब्रश धुवायचाही ज्याला कंटाळा, तो दादा फासे खुळखुळवत राहिला. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने सेनापतीच उचलला. “अगं, ठेव! सेनापती गेला की मी हरलो!” बाबा ओरडले. “चारचौघांत तमाशा नको,” आई कुजबुजली. “तमाशा कसला, आई? हा आता माझ्याकडून लढणार. बाबा, पुढच्या वर्षी टेबलाच्या पलीकडे, तुमच्याविरुद्ध मी असेन. तुमचं सैन्य तुम्ही रंगवा. चिरंजीव आहेतच मदतीला!”