शेजारची वकिलात

१९८३ साल. वॉशिंग्टनमध्ये श्रीरंगरावांच्या शेजारच्या घरात लात्वियाची वकिलात होती. तिथला म्हातारा सचिव रोज सकाळी झेंडा चढवायचा.

एकदा श्रीरंगरावांनी विचारलंच, "अहो, तुमचा देश तर रशियाने कधीच गिळला. मग हा झेंडा कशाला?"

"अमेरिकेने तो कब्जा अजून मान्य केलेला नाही," म्हातारा म्हणाला. "म्हणून आम्ही आहोत."

श्रीरंगराव घरी आले, तर दीपा वसुधाच्या साड्या खोक्यात भरत होती.

"बाबा, आईला जाऊन वर्ष झालं. आता डोनेट करून टाकू या ना."

त्यांनी खोक्यातली वरची साडी उचलून घेतली.

 

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारी झेंडा चढत होता, तेव्हा श्रीरंगराव अंगणात वसुधाची धुतलेली साडी झटकून दोरीवर वाळत घालत होते.