लिंबाचं औषध

आई गेल्यापासून त्या घराकडे माझं पाऊल वळत नव्हतं. मग एकदा बाबा फोनवर म्हणाले, "आईचं लिंबाचं झाड पिवळं पडलंय. नर्सरीतल्या बाई दर रविवारी औषध फवारायला येतात. फार चांगल्या आहेत."

ते 'फार' मला खटकलं. पुढच्या रविवारी बाईंच्या आधी मी गच्चीत हजर.

"लोह कमी पडलंय याला," पानं उलटी करून खालून फवारत बाई म्हणाल्या. "पण नुसतं लोह दिलं तर पान ते आत घेत नाही, वरच्या वर वाया जातं. म्हणून हे चिलेटेड. लोह दुसऱ्या कशात तरी गुंडाळलेलं असतं. मग पानाला कळायच्या आत ते आत शिरतं."

"अशी माणसंही असतात," मी म्हटलं. बाबांना ठसका लागला.

दोन महिने मी एकही रविवार चुकवला नाही. लिंबू केव्हाच हिरवंगार झालं, तरी बाईंची फवारणी काही संपेना. आज त्या हात धुवायला गेल्या तशी मी बाटली उघडली. पहिल्या दिवशी औषध तांबूस होतं. हे स्वच्छ पाणी होतं.

"बाबा, या बाई तुम्हाला चक्क फसवतायत! बाटलीत नुसतं पाणी आहे."

"माहीत आहे. मीच भरतो." त्यांनी माझ्यासमोर चहा ठेवला. "नुसतं 'ये' म्हटलं असतं, तर आली असतीस?"