पालथा हात

सिंगापूरमधल्या हौगांगच्या मैदानावर ज्युनिअर हॉकी लीगचा सामना असला की मनोहर गेटपाशी उभा राहतो आणि आत जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या कपाळाला पालथा हात लावून बघतो. "अंकल, नो फीवर लाह!" म्हणत पोरं हसतात.

आज नव्या कोचने, उत्तमने, खुशीत बातमी दिली. "हॉकीच्या जोरावर कॉलेजात प्रवेश मिळायला लीगचे दहा सामने लागायचे ना? नियम बदलला. आता आठ पुरे. आजारी पोरं निदान घरी झोपतील."

मनोहरचा हात समोरच्या कपाळावर तसाच राहिला.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या वरुणचं कपाळ असंच चटचटत होतं. "गोळी घे आणि खेळ, दोनच राहिलेत," असं म्हणून त्यानेच पोराला आत पाठवलं. वरुण उन्हात कोसळला, तो उठलाच नाही.



तो वरुणचा नववा सामना होता.