मागचा पिवळा रंग

"बाईंचा एखादा तरी फोटो द्या, साहेब," अंत्यविधीवाल्याने मान लववून पुन्हा विचारलं. "कपडे कसलेही असू देत, फोटोत किमोनो आम्ही वरून चढवतो. शवपेटीपुढे ठेवायचाय, तेव्हा चेहरा तेवढा स्पष्ट हवा."

तोकुजींनी स्वतः काढलेल्या फोटोंचे तीस वर्षांचे अल्बम उपसले. नाकतोड्याच्या डोळ्यातली रेघ न् रेघ दिसत होती, कोळ्याच्या पायांवरची लव मोजून घ्यावी इतकी लख्ख होती. त्यांची बायको फुमिए मात्र कुठेच नव्हती.

शेवटी एक फोटो सापडला. भाताच्या लोंबीवर नाकतोडा, आणि त्याच्यामागे नुसता पिवळा, धुरकट रंग. तो रंग म्हणजे रेनकोट घातलेली फुमिए. नाकतोडा उठून दिसावा म्हणून त्यांनीच तिला तासभर चिखलात उभं केलं होतं.

"अहो, मी येतेय का फोटोत?" तिने हसत विचारलं होतं.

"हलू नकोस गं," कॅमेऱ्यावरचा डोळा न काढता ते खुशीत म्हणाले होते. "अगदी छान पुसली गेली आहेस."